आत कोणी नाई

“सगळं सांगजो, कमल. गाळू नोको काही. अन् उभी राहून सांगजो, बसून नाई.”

पांढऱ्या पातळाची घडी मोडता मोडता कमलाबाईंनी मान हलवली, जणू आई समोरच्या खाटेवर बसली आहे आणि उत्तराची वाट पाहते आहे. आईला जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती. आवाज मात्र तसाच होता, कोरडा, जरा बसका, शेवटचा शब्द दाबून बोलणारा. शेवटच्या भेटीत, कमलाबाई सासरी पुलगावला जायला एस.टी.त बसल्यावर, आईने खिडकीतून हात आत घालून त्यांचं मनगट धरलं होतं. “त्याचा पुतळा बसन या गावात एक दिवस. मी नसन तवा. तू राहाशीन. त्या दिवशी सांगजो.” कंडक्टरने घंटी दिली तरी हात सुटेना. “सांगीन, आई,” असं कमलाबाई म्हणाल्या, तेव्हा कुठे सुटला.

आज तो दिवस होता. सावळधऱ्याच्या बसस्टँडसमोर, जुन्या पोलीस चौकीच्या जागेवर, बेचाळीसच्या लढ्यातल्या रूपरावजींचा पुतळा कापडाखाली उभा होता आणि अकरा वाजता कापड निघणार होतं. सकाळी सातपासून भोंग्यावर देशभक्तीची गाणी चालू होती.

वर्षावासाचे दिवस होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत कमलाबाई एकदाच जेवत, तेही दुपारी बाराच्या आत, आणि कोणाविषयी वाईट शब्द तोंडातून काढत नसत. वयाची त्र्याऐंशी वर्षं झाली तरी हा नेम मोडला नव्हता. रोज पहाटे अंघोळ, मग भगवंताच्या मूर्तीसमोर मेणबत्ती, ताजं फूल आणि पाणी, मग त्रिसरण-पंचशील. वंदना झाल्यावर मनात सगळ्यांविषयी मैत्री आणावी, असं भंतेजी सांगत. कमलाबाई डोळे मिटत आणि त्यांच्या मनात रूपरावजी येत.

पंचशील त्यांना आईनेच शिकवलं होतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आली, त्याच आठवड्यापासून. चौदा वर्षांच्या लेकीला शेजारी बसवून आई एकेक शील म्हणायची आणि कमल तिच्यामागून म्हणायची. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की आई थांबायची. “हे तू म्हण,” म्हणायची. कमल एकटी म्हणायची. पाचव्याला आई परत सुरात सूर मिळवायची. लेकराच्या जिभेवर तेवढं तरी पक्कं बसावं, म्हणून आई असं करते, हे कमलने तेव्हाच ओळखलं होतं. आणि ते बसलंही होतं. उभ्या आयुष्यात त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आज तर सगळ्या गावासमोर खरं बोलायचं होतं. पापही नाही आणि सूडही पुरा. असा योग कोणाच्या नशिबात येतो?

गेले आठ दिवस त्या ते भाषण मनात घोळवत होत्या. तांदूळ निवडताना, फुलं तोडताना, नातसुनेच्या हातचा घास चावतानासुद्धा.

“मी बारा दिवसांची होती. माहा बाप लहानू या गावचा कोतवाल. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं, का पाटलाकडून बुकात लिहून घ्याचं अन् हप्त्यातून एक दिवस ते बुक चौकीत नेऊन दाखवाचं, हे त्याचं काम. बेचाळीसच्या त्या दिवशी तो माह्याच जन्माची नोंद दाखवाले गेलता. रूपरावजी दोनशे माणसं घेऊन आले. शिपाई मागच्या दारानं पळाले. रूपरावजी ओट्यावर चढले, कोणी बंदुका उचलून नेऊ नये म्हून मागच्या-पुढच्या दोन्ही दारायले बाहेरून कडी लावली अन् ओरडले, ‘आत कोणी नाई, लावा!’ माहा बाप आत होता. घोषणायच्या कल्ल्यात त्याचा आवाज कोणाले आला नाई. का आला अन् कोणी ऐकला नाई, ते तुमच्या आजोबायले विचारा. त्याच्या पट्ट्याचा पितळी बिल्लासुद्धा वितळला. माह्या आईले राखेत तोही भेटला नाई.”

इथे थांबायचं. श्वास घ्यायचा. मग शेवटचं एक वाक्य, पुतळ्याकडे बोट करून. “यानं मारलं त्याले.”

*

हे बोलायला मिळणार, ते धनंजयमुळे. रूपरावजींचा नातू, गावचा सरपंच. आठ दिवसांपूर्वी तो दुपारचा आला, हातात दगडावर कोरायच्या नावांचा कागद घेऊन.

“आजी, हे पाहा. खाली कुठी नाई टाकलं, बरं का. दुसऱ्या नंबरवर. ‘हुतात्मा लहानूजी, कोतवाल.’ आजोबाच्या नावाच्या लगेच खाली.”

कमलाबाईंचा नातू नागसेन बाजेवर वर्तमानपत्र वाचत होता. आर्वीच्या कॉलेजात शिकवायचा, त्या दिवशी सुट्टी होती. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही.

“मारणाऱ्याच्या पायाशी मेलेल्याचं नाव. भारीच मान देल्ला, धनंजयभाऊ.”

“अरे, गावासाठीच गेले ना ते?”

“गावासाठी नाई. गावाच्या हातानं.”

“तू ना, नागसेन, चहा बी भांडूनच पेत असशीन. लोक त्यायले इंग्रजाचा माणूस म्हणत होते, ऐंशी वर्षं. आमी तो डाग पुसून राह्यलो.”

“तुमी तुमचा डाग पुसून राह्यले.”

धनंजयचा चेहरा लाल झाला. “रूपरावजी नसते त या गावाचं नाव कोणी घेतलं नसतं. पूर्ण देश गुलाम होता अन् सावळधरा आजाद होतं. तीन दिवस चावडीवर आपला झेंडा होता. तीन दिवस!”

“अन् चवथ्या दिवशी पलटण आली. अठरा दिवस राह्यली. तवा रूपरावजी कुठी होते? सातपुड्यात, जंगलात. इथी कोण होतं? बाया होत्या. त्यायले विचारा लागत होतं, आजादी कशी वाटली म्हून.”

“चार वर्षं जेल भोगली त्यायनं. पाय कायमचा गेला.”

“मी कुठी नाई म्हनलं? देशाले काय भेटलं त्यातून, ते सांगा.”

“देश भेटला, नागसेन! देश!”

“देश पाच वर्षांनी भेटला. टेबलावर बसून, सह्या करून. त्यासाठी कोतवाल जाळाचं काम नव्हतं.”

“अन् टेबलावर बसाले तो इंग्रज तयार काऊन झाला? असेच गाव पेटले म्हून. तू कॉलेजात इतिहास शिकवतो ना?”

“भूगोल.”

“मंग बरोबर हाय.”

आतल्या खोलीत नागसेनची बायको रोशनी फिस्सकन हसली आणि नागसेनने त्या दिशेने एक नजर टाकली.

ते दोघे देशाबद्दल भांडत होते. रूपरावजींनी देशाचं भलं केलं की वाटोळं, हे त्या घरात आणि या घरात रोजच्या भाजीइतकं चिरून झालं होतं. कमलाबाईंना देशाबद्दल काही सांगायचं नव्हतं. त्यांना दोन दारांबद्दल सांगायचं होतं. त्यांनी पदर सावरला आणि नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, “धनंजय, त्या दिवशी मले बोलाले देशीन काय? दोन शब्द?”

“तुमी नाई त कोण बोलन, आजी!” धनंजय वाकून पाया पडला. त्याचा रुंद पंजा पायावर टेकला तेव्हा कमलाबाईंनी डोळे मिटून घेतले. असाच रुंद पंजा त्यांनी लहानपणापासून पाहिला होता, उंबऱ्याबाहेर, काठीच्या मुठीवर.

दरवर्षी चौकी जळाल्याच्या दिवशी गावात झेंडा झाला की रूपरावजी लंगडत या वस्तीत यायचे आणि दारासमोर उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. आई चुलीपुढून उठायची, त्यांच्याकडे एकदा बघायची आणि दार लावून घ्यायची. आतून कडी अशी आपटायची, की शेजारची कोंबडी फडफडून उडावी. ती कडी वाजली की लहानग्या कमलच्या अंगावर सुखाचा काटा यायचा. तिला वाटायचं, ही त्या दुसऱ्या कडीची परतफेड आहे, वर्षाला एक. ती बोटांवर मोजायची. रूपरावजी जरा वेळ उभे राहत आणि निघून जात. काठीचा आवाज पार विहिरीपर्यंत ऐकू यायचा.

*

“कमलाबाई, हाय काय घरी?”

कमलाबाईंनी पातळाच्या निऱ्या नुकत्याच खोचल्या होत्या. नागसेन मंडपाकडे गेला होता, साडेदहाला गाडी घेऊन त्यांना न्यायला यायचा होता. दारात धनंजयची आई उभी होती, शकुबाई. रूपरावजींची सून. शहात्तर वर्षांची बाई, एकटी, पायी, हातात कापडी पिशवी. मुलाच्या एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला अंगावर जरीचं काही नाही, रोजचंच सुती लुगडं.

रोशनीने खुर्ची पुढे केली. “चहा ठेवू काय, आजी?”

“नोको, बाई. श्रावण हाय माहा. एक वेळचं.”

“माहा वर्षावास,” कमलाबाई म्हणाल्या.

“मंग दोघी उपाशीच.” शकुबाई जराशा हसल्या, मग हसू आवरून घेतलं. “पाणी दे, रोशनी.”

पाणी त्यांनी तांब्याने वरून नाही, भांड्याला तोंड लावून प्यायलं, सगळं. भांडं खाली ठेवलं. कमलाबाई उभ्याच होत्या. या बाईशी उभ्या आयुष्यात दहा वाक्यं बोलणं झालं नसेल. दळणाच्या चक्कीवर, आठवडी बाजारात ती समोर आली की कमलाबाई मान वळवत. वाईट बोलायचं नाही, हा नेम होता. मान वळवायची नाही, असा नव्हता.

“रोशनी, तू हो पुढं,” त्या म्हणाल्या. “जागा धर.”

रोशनी गेली. भोंग्यावर कोणी तरी “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणू लागलं.

“तुमी आज बोलणार हाय म्हणे,” शकुबाई म्हणाल्या.

“हो.”

“काय बोलणार, ते मले मालूम हाय. त्यायनं कडी लावली. ते ओरडले, आत कोणी नाई म्हून.”

“खोटं हाय काय?”

“नाई. अक्षर न् अक्षर खरं हाय.”

कमलाबाईंना हे अपेक्षित नव्हतं. विनवणी येईल असं त्यांना वाटलं होतं. मुलाची अब्रू, गावाचा कार्यक्रम, झालं गेलं विसरा. त्या सगळ्याला द्यायची उत्तरं तयार होती. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

शकुबाईंनी पिशवीतून गाठोडं काढलं. जुन्या लुगड्याची चिंधी, हळदीच्या रंगाची झालेली. गाठ वयानेच घट्ट झाली होती, ती त्यांनी दातांनी सोडवली आणि आतली वस्तू खाटेवर, पांढऱ्या चादरीवर ठेवली.

वाटीच्या बुडाएवढी पितळी चकती. मध्ये एक आकडा, भोवती झिजलेली अक्षरं, मागे पट्ट्यात अडकवायचं कडं. कुठे काळी पडलेली नाही, वाकलेली नाही. नुकतीच घासल्यासारखी.

कमलाबाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

“हा त वितळला होता,” त्या म्हणाल्या.

“नाई वितळला. त्या दिवशी तो आगीत नव्हताच. या घरात होता.” शकुबाईंनी भिंतीकडे पाहिलं. भिंत आता सिमेंटची होती आणि तिथे कॅलेंडर होतं. “तिथी कुठी खुंटी होती म्हणे. खुंटीवर होता.”

भोंग्यावरचा आवाज बंद झाला. वस्तीतून मंडपाकडे निघालेल्या बायांच्या चपला वाजत होत्या.

“एक्याऐंशी साली तुमच्या आईनं सासऱ्याले बोलावणं धाडलं. तुमी पुलगावले होत्या. त्यायले एकट्यानं चालणं होत नव्हतं, म्हून मी संगं आली. मी तिकडं उंबऱ्यापाशी बसलती. दार उघडं होतं. तेवढ्या वर्षात पहिल्यांदा. तुमच्या आईनं त्यायले सांगतलं, ते मी माह्या कानानं ऐकलं, कमलाबाई. मी श्रावण करून राह्यली, खोटं बोलणार नाई.”

“बोला.”

“त्या म्हणाल्या, ‘रूपरावजी, जमाव घेऊन जाता जाता तुमी माह्या दाराशी थांबले होते. लहानू कुठी हाय, म्हून विचारलं होतं. मी बाळंतीण, दाराआडून बोलली. वावरात गेले, म्हनलं. तुमी खुंटीकडं पाह्यलं. बिल्ला खुंटीवर होता. बिल्ल्याबिगर कोतवाल चौकीत जात नाई, हे सगळ्या गावाले मालूम. तुमचा इस्वास बसला.’”

कमलाबाईंनी कॅलेंडरच्या भिंतीकडे पाहिलं.

“दोन दिवस आधी शेजारच्या गावात बिल्लेवाल्या कोतवालाले लोकायनं झोडपलं होतं. म्हून तुमच्या बाबानं बिल्ला काढून ठेवला अन् बुक कपड्यात लपवून गेले. आईले मालूम होतं कुठी गेले ते. सांगतलं असतं त हे लोक त्यायले ओढून काढतीन, मारतीन, असं वाटलं तिले. नवऱ्याले वाचवाले बोलली ती. अन् रूपरावजी ओट्यावर चढून तेच बोलले, जे तिच्या तोंडून ऐकलं होतं.”

आत कोणी नाई.

कमलाबाईंच्या कानात ते वाक्य ऐंशी वर्षं एका पुरुषाच्या घोगऱ्या आवाजात वाजत आलं होतं. आता पहिल्यांदा त्याला दुसरा आवाज लागला, कोरडा, जरा बसका, शेवटचा शब्द दाबून बोलणारा.

“धूर दिसला तशी ती धावली म्हणे. बारा दिवसाची ओली बाळंतीण. तवा उशीर झालता.”

“अन् तुमचे सासरे काय म्हणाले?” कमलाबाईंनी विचारलं. 

“म्हणाले, ‘मले मालूम हाय, बाई. मी कोणाले बोललो नाई.’ दरसाल तेच सांगाले येत होते ते. तुमची चूक नाई, एवढंच सांगाचं होतं. तुमची आई दार लावून घेत होती.”

“कोणालेच काऊन नाई सांगतलं?”

“घरी आल्यावर मी बी तेच विचारलं. म्हणे, तिचा माणूस त माह्या हातानं गेला. आता बोट बी तिच्याचकडं दाखवू काय?”

“मोठेपणा,” कमलाबाई म्हणाल्या. वर्षावासात तोंडातून निघालेला तो पहिला कडू शब्द होता. “जित्तेपणी बी मोठे, मेल्यावर बी मोठे. आज त दगडाचे होऊन उभे राह्यले.”

“म्हणा. तुमचा हक हाय.”

“अन् हा बिल्ला?”

“आईनं माह्या हातात देल्ला. म्हणाली, ‘तुह्या सासऱ्याचा पुतळा बसन त्या दिवशी माह्या कमलले देजो. त्याच्या आधी नोको. बाकीचं तिले समजन.’”

कमलाबाईंनी मान वर केली. समोरच्या बाईचे डोळे कोरडे होते. हात मांडीवर एकावर एक, शांत. आणि त्या शांतपणात त्यांना काही तरी ओळखीचं दिसलं. आरशात रोज दिसणारं.

“चव्वेचाळीस वर्षं ठेवला तुमी. रोज घासत होत्या दिसते.”

“दिवाळीले.”

“आईनं पुतळ्याचं म्हनलं होतं, खरं हाय. पन मी इथीच होती. नवरा गेल्यावर याच घरात आली. मधात कवा बी देता आला असता.”

“आला असता.” शकुबाईंनी पिशवीची घडी घातली, मग आणखी एक. “चक्कीवर तुमी माह्याकडं पाहून तोंड फिरवाच्या. खुन्याची सून. बाजारात पाच बायायमध्ये मी एकटी पडत होती. घरी येऊन हे गाठोडं काढाची. म्हणाची, फिरवा तोंड. एक दिवस माह्या हातात हाय.”

“म्हून आज वार केला.”

“केला,” शकुबाई हळूच म्हणाल्या. “वाटलं होतं, गार वाटन.”

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून. दारापाशी थांबल्या.

“हे माह्याबिगर कोणाले मालूम नाई. धनंजयले बी नाई. मी कोणाले दाखवलं नाई, दाखवणार बी नाई. काय बोलाचं, ते तुमच्या मनानं बोला.”

*

घरात एकट्या झाल्यावर कमलाबाईंनी आधी बिल्ला पदरात घेतला आणि स्वयंपाकघरात गेल्या. तांदळाच्या कोठीचं झाकण काढलं. कोपरापर्यंत हात आत घातला. तळाशी सोडला असता तर कोणाला कळणार नव्हतं. अकरा वाजता उभं राहायचं, आठ दिवस घोटलेलं बोलायचं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. बिल्ला वितळला, एवढं गाळलं की झालं. ती कडी खरी होती. ती काडी खरी होती. कापड निघालेल्या त्या दगडी तोंडाकडे बोट करून ते शेवटचं वाक्य टाकायचं आणि दोनशे माणसांच्या नातवंडांची तोंडं पाहायची. त्यासाठीच तर त्या एवढ्या जगल्या होत्या.

हात तांदळात तसाच राहिला. गार दाणे मनगटाभोवती दाटले होते, एस.टी.च्या खिडकीतून आलेल्या त्या पकडीसारखे.

गाळू नोको काही.

त्या बाहेर येऊन मूर्तीसमोर बसल्या. सकाळची वंदना झाली होती, तरी पुन्हा हात जोडले. पहिलं शील म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं. चौथ्याला ओठ उघडले आणि शेजारची रिकामी जागा त्यांना दिसली, जिथे आई बसायची. मान खाली, ओठ मिटलेले, लेकीचा आवाज संपायची वाट बघत. पंचवीस वर्षं रोज पहाटे ती बाई या एका वाक्यापाशी मुकी झाली होती आणि शेजारी बसलेल्या लेकीला वाटलं होतं, ती शिकवते आहे.

मेणबत्ती विझत आली होती. कमलाबाईंनी चौथं शील म्हटलं. मग थोडं थांबून आणखी एकदा म्हटलं, जरा बसक्या आवाजात, शेवटचा शब्द दाबून.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

“आजी! चाल ना, पाहुणे आले!” नागसेन आत आला, घामेजलेला, डोळे चमकत होते. “सगळा मंडप भरला. ते आष्टीचे पेपरवाले बी आले. मी पोट्ट्यायले सांगून ठेवलं, माही आजी बोलली का धनंजयभाऊले पाणी सुदिक मागता येणार नाई. तू फक्त ते शेवटचं वाक्य माइकच्या जवळ...”

तो थांबला. कमलाबाई आरशासमोर उभ्या होत्या. पांढऱ्या पातळाच्या पदराला, डाव्या खांद्याच्या जरा खाली, त्या मोठी सेफ्टी पिन लावत होत्या. पिनेत पितळी चकती अडकवलेली होती. पिन लागेना. तो मदतीला पुढे झाला आणि चकतीवरची अक्षरं वाचून जागीच राहिला. बिल्ल्याची गोष्ट त्याने आजीच्याच मांडीवर बसून ऐकली होती, शंभर वेळा.

“आजी, हे... हे त वितळलं होतं ना?”

“नाई वितळलं.”

“मंग कुठी होतं?”

“खुंटीवर.” पिन लागली. त्यांनी बिल्ला तळहाताने सारखा केला. “साऱ्या गावाले समजन आता. कोण्या खुंटीवर होता ते.”

नागसेनच्या लक्षात सगळं आलं नव्हतं. पण काही तरी हातातून निसटतं आहे, एवढं आलं. “आजी, पण कडी त्यायनंच लावली होती ना?”

“त्यानंच लावली. आग बी त्याच्याच शब्दावर लागली. त्यातलं काडीभर बी मी सोडणार नाई.” त्या चपला शोधू लागल्या. “मी तुह्या पणजीचं बी सोडणार नाई.”

भोंग्यावर धनंजयचा आवाज आला, भरून आलेला. “आणि आता आपल्यासमोर येत आहेत हुतात्मा लहानूजी यांच्या कन्या, आदरणीय कमलाबाई...”

“बस गाडीवर, आजी. उशीर झाला.”

“चालत येईन मी. उभी राहून बोलाचं हाय. पायाले सवय पाहिजे.”

त्या उंबऱ्याबाहेर आल्या. नागसेनने मागे वळून दार ओढलं आणि कडीला हात घातला.

“राहू दे,” कमलाबाई म्हणाल्या.

दार तसंच उघडं राहिलं. वस्तीच्या रस्त्यावर त्या वेळी कोणी नव्हतं, सगळे मंडपात होते. विहिरीपर्यंतच्या वाटेवर, पुढे बरंच अंतर ठेवून, सुती लुगड्यातली एक बाई हळूहळू चालली होती. कमलाबाईंनी तिला हाक मारली नाही आणि मानही वळवली नाही. एका हाताने खांद्यावरचा बिल्ला धरून त्या भोंग्याच्या आवाजाकडे चालू लागल्या.